हिमवादळ आधी कळते का?

थंडी जितकी कडक तितका बर्फ अधिक, असे तुम्हांला वाटते का? एक साधा हिशेब पाहा. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. शून्य अंशाला ५ ग्रॅमपेक्षाही कमी, आणि उणे २० अंशाला जेमतेम १ ग्रॅम! म्हणजे अतिथंड हवा ही कोरडी हवा. मोठ्या हिमवृष्टीसाठी थंड हवेला उबदार, दमट हवेचा शेजार लागतो. अंदाजातली खरी अडचण या शेजारातच आहे.

१९७९ सालचे उदाहरण घेऊ. त्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या पूर्व भागात नेहमीपेक्षा फारच कडक थंडी होती. १८ तारखेला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडू लागला. अंदाज होता थोड्या बर्फाचा. पण १९ तारखेच्या पहाटे हिमवृष्टीचा जोर एकदम वाढला आणि विमानतळावर सुमारे ४७ सेंटिमीटर बर्फ पडला. शहर ठप्प झाले. शेतमालाच्या भावासाठी आंदोलन करणारे शेतकरी तेव्हा ट्रॅक्टर घेऊन राजधानीत आले होते. त्याच ट्रॅक्टरांतून डॉक्टर आणि परिचारिका रुग्णालयांत पोहोचल्या!

अंदाज चुकला कोठे? नकाशा उघडा. वॉशिंग्टनच्या पश्चिमेला ॲपलेशियन पर्वत, पूर्वेला अटलांटिक महासागर. उत्तरेकडून आलेली जड, थंड हवा पर्वताला अडून जमिनीलगत साचली. जवळच समुद्रात गल्फ प्रवाहाचे उबदार पाणी. या पाण्याने वरच्या हवेला ऊब आणि बाष्प दिले. बाष्पाचे ढग होताना अप्रकट उष्मा बाहेर पडला, हवा आणखी वर चढली. उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचीही साथ मिळाली आणि समुद्रसपाटीवरील हवेचा दाब झपाट्याने उतरला.

संगणक अंदाज वर्तवतो तो तुम्ही शिकता त्याच गतीच्या व उष्णतेच्या नियमांनी. त्यासाठी वातावरणावर बिंदूंचे काल्पनिक जाळे टाकतात. १९७९ मध्ये त्या जाळ्यातील दोन बिंदूंत शंभराहून अधिक किलोमीटर अंतर होते. मोठ्या छिद्रांच्या जाळ्यातून लहान मासे निसटतात, तशा किनाऱ्यालगतच्या या अरुंद पट्ट्यातील घडामोडी निसटल्या.

लुई उचेलिनी आणि पॉल कोसिन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पुढे या वादळाचा बारकाईने अभ्यास केला. जाळी बारीक झाली, संगणक वेगवान झाले. मार्च १९९३ च्या प्रचंड वादळाची चाहूल सुमारे पाच दिवस आधी लागली. काही राज्यांनी तर बर्फ पडण्यापूर्वीच आणीबाणी जाहीर केली. तरीही दोनशेहून अधिक माणसे दगावली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढलेल्या समुद्राच्या पाण्याने लोकांना बेसावध गाठले. अंदाज एका बाबतीत बरोबर आला, म्हणजे सगळ्याच बाबतींत येतो असे नाही.

म्हणून आता एकच गणित सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा सोडवतात. समजा, ५० पैकी ४० उत्तरांत मोठी हिमवृष्टी आली, तर तिची शक्यता ८० टक्के धरता येईल. पण उरलेली दहा उत्तरेही विसरायची नाहीत!

आपल्याकडे हिमालयात हिवाळी बर्फ पाडणारे पश्चिमी विक्षोभ याच जातीचे. ते पुढे सरकले की उत्तरेचे थंड वारे कधी कधी महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात. येत्या हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलातील बर्फाच्या बातम्यांच्या तारखा लिहून ठेवा. शेजारी आपल्या गावाचे रोजचे किमान तापमान मांडा. काही संबंध दिसतो का, ते वर्गात ताडून पाहा.