गावरस्त्याचा पैसा ठरतो कसा?

स्वोर्ड्स हे आयर्लंडमधील फिंगल काउंटीचे मुख्य ठिकाण. १९९४ मध्ये जुन्या डब्लिन काउंटीचे तीन भाग झाले, त्यांपैकी उत्तरेकडचा भाग म्हणजे फिंगल. स्वोर्ड्सची वस्ती सुमारे ४०,००० आणि डब्लिनचा विमानतळ अगदी शेजारी. पण वायव्येला नॉल, गॅरिस्टाउन, ओल्डटाउन, बॅलिबॉहल ही शेतीची गावे आहेत. शहरातली वर्दळ आणि गावचे अरुंद रस्ते या दोन्हींचा हिशेब स्वोर्ड्सच्या काउंटी हॉलमध्येच मांडला जातो.

आयर्लंडमध्ये राष्ट्रीय महामार्ग एक केंद्रीय संस्था पाहते. प्रादेशिक आणि स्थानिक रस्ते मात्र काउंटी कौन्सिलकडे असतात, आणि देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत त्यांचाच वाटा ९० टक्क्यांहून अधिक आहे. १९९३ च्या रस्ते कायद्यानुसार त्यांची देखभाल कौन्सिलने करायची; सरकारचे अनुदान ही त्याला जोड. परिवहन खाते दरवर्षी काउंटीनिहाय अनुदानाची यादी प्रसिद्ध करते. दुरुस्तीच्या मुख्य अनुदानांचा मोठा आधार रस्त्यांची लांबी हा असतो. त्यामुळे कोणत्या काउंटीचा मंत्री किती वजनदार, या प्रश्नाला फारशी जागा उरत नाही. या मोजमापात विरळ वस्तीच्या काउंटींना झुकते माप मिळते, आणि ते योग्यच आहे: दहा घरांसाठीचा रस्ताही पावसाने तेवढाच खचतो.

फिंगलची गोष्ट वेगळी आहे. घरांवरील स्थानिक मालमत्ता कराचा मोठा हिस्सा २०१५ पासून त्या-त्या कौन्सिलकडेच राहू लागला. डब्लिन परिसरात घरे महाग, म्हणून करही भरपूर. तेव्हा तिथल्या, डब्लिन शहराची धरून, चारही कौन्सिलनी दुरुस्तीची मुख्य कामे स्वतःच्या पैशातून करावीत, असे ठरले. मोठे पूल किंवा विशेष प्रकल्प यांसाठी सरकारी दार उघडे राहिले. थोडक्यात, गॅरिस्टाउनच्या रस्त्याला देशाच्या सूत्राचे संरक्षण उरले नाही. त्याची स्पर्धा आता काउंटीच्याच अंदाजपत्रकात, स्वोर्ड्सच्या गजबजलेल्या रस्त्यांशी. शिवाय कराचा दर ठरावीक मर्यादेत कमी-जास्त करण्याचा अधिकार नगरसेवकांना आहे. दर उतरवला की मतदार खूश होतो, पण डांबराला तेवढे पैसे कमी पडतात.

काउंटीच्या आत न्याय करायचा तर रस्त्याची अवस्था मोजावी लागते. त्यासाठी आयर्लंडमध्ये १ ते १० गुणांची पद्धत आहे: १ म्हणजे पार उखडलेला, १० म्हणजे नवा कोरा. गुण कमी म्हणून काम आधी, हा नियम सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो महागात पडतो. मध्यम गुणांच्या रस्त्यावर वेळीच पातळ थर टाकला तर तो स्वस्तात टिकतो. सर्वांत वाईट रस्ता आधी घेतला तर त्याच पैशात थोडेच अंतर होते, आणि तोवर मधले रस्ते खराब होतात.

तुलनेसाठी भारत पाहू. तिथे २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वस्तीच्या लोकसंख्येचा निकष लावला: सपाट प्रदेशात ५००, डोंगराळ भागात २५०. कामांची माहिती संकेतस्थळावर आणि रस्त्याकडेच्या फलकावर देण्याची सोय केली. तिथे प्रश्न नव्या जोडणीचा होता, फिंगलमध्ये तो देखभालीचा आहे. म्हणून फलकावर खर्चाचा आकडा लिहून इथे भागत नाही. कौन्सिलचे अंदाजपत्रक खुल्या बैठकीत मंजूर होते, आणि २०१४ च्या माहिती कायद्याखाली कागदपत्रेही मागता येतात. मात्र कामांच्या यादीशेजारी प्रत्येक रस्त्याचे गुण, रहदारी आणि यंदा वगळलेल्या रस्त्यांची नावे छापली, तरच ओल्डटाउनच्या रहिवाशाला आपला रस्ता मागे का राहिला हे अर्ज न करता कळेल.