मडके वाजवून घ्यावे, पण...

बाजारात मडके घेताना ते वाजवल्याशिवाय कोणी घेत नाही. बोटाने टिचकी मारायची, कान द्यायचा आणि मग भाव विचारायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे सांगितल्याची कथा तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ही टिचकी नेमके काय सांगते, आणि काय सांगत नाही, याचा विचार क्वचितच कोणी करतो. आमच्या घरी चाक आहे आणि वडिलांबरोबर मी आठवडी बाजारातही बसते. म्हणून या दोन्ही गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात असे वाटले.

प्रथम माती कशी तयार होते ते पाहू. खणून आणलेली माती फोडायची, चाळायची, भिजवायची आणि तीत घोड्याची लीद व राख घालून पायांनी तुडवायची. "लीद कशाला?" असे शहरातील पाहुणे नाक मुरडून विचारतात. लिदीतले बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात, त्यामुळे मडके वाळताना सहसा तडकत नाही. पुढे भाजताना ते तंतू जळून जातात व त्यांच्या जागी अतिसूक्ष्म छिद्रे उरतात. माठातले पाणी त्या छिद्रांतून बाहेर पाझरते आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती बरीचशी माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते, म्हणून पाणी गार होते. हवा कोरडी असेल तर वाफ लवकर होते. म्हणूनच विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माठ जितका गार करतो, तितका कोकणच्या दमट हवेत करीत नाही. चिनी मातीच्या चकचकीत बरणीचे तसे नाही. ती १२०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमानात भाजलेली असते, वर काचेसारखा लेप असतो. ती लोणच्याला उत्तम, पण पाणी गार करणार नाही.

चाकावरून उतरते तेव्हा मडके लहान आणि जाड असते. आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने थापटत गेले म्हणजे ते पातळ व मोठे होते. मग सावलीत वाळवणे, आणि शेवटी आवा. गोवऱ्या, पाचट, लाकडाचा भुसा यांत मडकी रचून वरून खापऱ्या, माती व राख यांनी आवा झाकतात. वाळलेल्या मातीतही कणांशी बांधलेले पाणी असतेच. ते साधारण ५०० ते ६०० अंशांना निघून जाते, आणि त्यानंतर ती माती पाण्यात कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. टिचकीला जो खणखणीत आवाज येतो तो या बदलाचा. भाजणे अपुरे राहिले असेल तर आवाज बद्द येतो. तडा असेल तर कंप तिथेच अडतो आणि आवाज फुटका निघतो.

ही परीक्षा किती जुनी असावी? इतिहासाच्या तासाला जोर्वे संस्कृतीचा भाग शिकताना मला फार आनंद झाला. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे आणि पुढे शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे (उत्खनन १९६८ ते १९८३) इ. स. पूर्व सुमारे १४०० ते ७०० या काळातली भांडी सापडली. चाकावर घडवलेली, लाल अंगावर काळी नक्षी असलेली ही भांडी. त्यांचे वर्णन करताना संशोधकांनी धातूसारख्या नादाची मुद्दाम नोंद केली आहे. म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांनी आणि पुराणवस्तू संशोधकांनी परीक्षा एकच लावली!

आता टिचकी काय सांगत नाही ते पाहू. जी मडकी बाजारापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांच्याविषयी ती काहीच सांगत नाही. समजा, आव्यात पन्नास माठ रचले. मध्येच वारा फिरला किंवा अवकाळी पावसाची सर आली, आणि दहा तडकले. माती, लीद, गोवऱ्या, आईने आणलेले पाणी आणि तुडवलेली माती, वडिलांचे दिवस, हा सारा खर्च पन्नास माठांचा. विक्री मात्र चाळीसांची. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक माठावर फुटलेल्या पाव माठाचा भार असतो. भाव पाडला म्हणजे आधी तो पाव माठ जातो, आणि नंतर मजुरी.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी भरलेल्या एका प्रदर्शनात वडिलांना चाकासह बोलावणे आले. पांढऱ्या कापडावर मडकी मांडली, शेजारी किमतीच्या चिठ्ठ्या ठेवल्या, आणि वडील दिवसभर चाक फिरवीत बसले. किंमत बाजारापेक्षा जास्त होती, तरी कोणी घासाघीस केली नाही. फोटो काढणारे पुष्कळ होते, घेणारे त्या मानाने थोडे, आणि तेही पणत्या व लहान बोळकीच जास्त नेत होते. पुढच्या आठवडी बाजारात तेच माठ घेऊन बसलो, तर पहिल्याच मावशींनी वीस रुपये कमी करायला लावले. संध्याकाळी वडील म्हणाले, "तिथं लोकांनी माझा हात पाहिला. इथं नुसतं मडकं पाहत्यात."

सरकारने या धंद्याकडे पाहिले नाही असे नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवरची चाके देण्याचा कार्यक्रम सुरू केला. २०२३ साली आलेल्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत कुंभारकामही आहे. विजेच्या चाकाने हाताचे श्रम वाचतात, ही मोठी गोष्ट आहे. पण चाक कितीही वेगाने फिरले तरी आव्यातला धोका आणि बाजारातला भाव जिथल्या तिथे राहतो. माझा धाकटा भाऊ पुढे चाकावर बसेल की नाही, हे शेवटी या हिशेबावरच ठरणार आहे.

वडिलांच्या त्या बोलण्यानंतर मी बाजारात तीन वस्तू मांडून बसू लागले: एक न भाजलेले बोळके, एक पक्के, आणि एक आव्यात तडकलेले. कोणी भावावर अडले की तिन्ही वाजवून पाहायला सांगते आणि पाव माठाचा हिशेब समजावते. काही जण हसून पुढे जातात. काही जण मात्र तडकलेले बोळके हातात घेऊन "असे किती जातात गं?" असे विचारतात. घासाघीस थांबली नाही, पण वीसाची पाचावर आली आहे.

तेव्हा वाचकहो, उन्हाळ्यात माठ घ्याल तर जरूर वाजवून घ्या, तो तुमचा हक्कच आहे. फक्त भाव ठरवताना, आव्यातच राहून गेलेला तो पाव माठही हिशेबात धरा.