शिट्टी वाजली नाही तर...

कुकरची शिट्टी नेहमीच्या वेळेला वाजली नाही, तर आपण काय करतो? आधी गॅस बंद करतो. शिट्टी अडकली की रबर गेलं, हे नंतर पाहतो. स्वयंपाकघरातलं हे साधं शहाणपण बुद्धिमान यंत्रं बनवणाऱ्यांना मात्र नेहमीच सुचतं असं नाही.

२ ऑक्टोबर २०२३ची रात्र. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला मोटारीची धडक बसली. ती मोटार माणूसच चालवत होता. स्त्री उडून शेजारून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीपुढे पडली. ही मोटार ‘क्रूझ’ कंपनीची. तिच्यात चालक नव्हताच. सारा कारभार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती. तिनं करकचून ब्रेक लावला, तरी स्त्री गाडीखाली सापडली.

खरा अनर्थ पुढेच घडला. धक्का बाजूनं बसला, असा चुकीचा अंदाज यंत्रानं बांधला. अपघातानंतर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, ही त्याला दिलेली शिकवण. थांबलेली गाडी पुन्हा निघाली आणि ती स्त्री सुमारे २० फूट फरफटत गेली. सुदैवानं तिचा जीव वाचला. सुरक्षेसाठी घालून दिलेल्या नियमानंच घात केला होता!

यंत्र चुकलं, माणसांनी काय केलं? कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याच्या म्हणण्यानुसार, गाडी प्रथम थांबेपर्यंतचंच चित्रण त्यांना सुरुवातीला दाखवण्यात आलं. संपूर्ण चित्रण दाखवलं होतं, असा कंपनीचा दावा. २४ ऑक्टोबरला खात्यानं चालकविरहित गाड्यांचा परवाना स्थगित केला. त्यानंतर कंपनीनं देशभरातल्या अशा गाड्या थांबवल्या आणि नोव्हेंबरमध्ये ९५० गाड्यांच्या आज्ञावलीत दुरुस्ती जाहीर केली. हेच पहिल्या दिवशी झालं असतं तर? केंद्रीय यंत्रणेला दिलेल्या अहवालात फरफटीचा उल्लेखच नव्हता. तो अहवाल खोटा असल्याची कबुली कंपनीनं २०२४च्या नोव्हेंबरात दिली आणि ५ लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. पुढच्याच महिन्यात मालक जनरल मोटर्सनं या टॅक्सीसेवेचा पैसा थांबवला.

एका माणसाची चूक त्याच्यापुरती असते. यंत्राची तशी नसते. एकच आज्ञावली शेकडो गाड्यांत बसलेली असते. आज इथे चुकलेली गाडी उद्या दुसऱ्या गल्लीत तशीच चुकणार. म्हणून आधी सगळीच थांबवायची, घडलं ते पूर्ण सांगायचं, मग दुरुस्ती, आणि ती पारखूनच पुन्हा रस्त्यावर. यातली दुसरी पायरी सर्वांत अवघड, कारण तिथे यंत्राची नव्हे, माणसाची कसोटी लागते.

आपल्या घरातली मुलंही आता संगणकाशी गप्पा मारतात. उद्या त्यानं भलताच सल्ला दिला, तर मूल आपल्याकडे धावत येईल की ओरडा बसेल म्हणून गप्प राहील? मर्यादा ओलांडणाऱ्या यंत्राला आवरता येतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी घडलेलं सांगावं लागतं. ते न भिता सांगता येईल असं घर आपण ठेवलं आहे ना?