घाम गाळला तरच ॲथलीट? मग हे वाचाच!

डोक्यावर टोपी, अंगात कॉलरवाला टी-शर्ट, हिरवंगार मैदान आणि बॅग उचलायला कॅडी. 'हा कसला ॲथलीट? हा तर फिरायला आलाय!' असं गोल्फ बघताना तुम्हीही म्हणाला असाल. जरा थांबा, फटका घाईत मारू नका!

माहीत आहे का? हा वाद चक्क अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय! केसी मार्टिन या गोल्फरच्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा विकार. 18 होल चालणं अशक्य, म्हणून त्याने स्पर्धेत गोल्फ कार्ट मागितली. स्पर्धा भरवणारी पीजीए टूर म्हणाली, छे! चालून येणारा थकवा हाही खेळाचाच भाग. झालं, कार्ट निघाली कोर्टात! 2001 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी मार्टिन जिंकला. गोल्फचा गाभा फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही, असं कोर्टाचं म्हणणं. वर निकालात हिशेबही आहे: एका राउंडमध्ये जळतात साधारण 500 कॅलरी, म्हणजे एका बिग मॅकपेक्षाही कमी. न्यायमूर्तींनी बर्गर मोजलं, बोला आता!

पण टायगर वूड्सपुढे हा हिशेब काढू नका. 2008 च्या यूएस ओपनमध्ये डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला, नडगीच्या हाडाला चिरा. तरी पठ्ठ्या पाच दिवसांत 91 होल खेळला आणि जिंकला. मग थेट ऑपरेशन, उरलेला सीझन घरी. लंगडला तरी वाघच!

आता भेटा आमच्या फेव्हरेट बाईंना. बेब डिड्रिक्सन! 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भालाफेक आणि 80 मीटर हर्डल्समध्ये गोल्ड, उंच उडीत सिल्व्हर. पुढे बाई वळल्या गोल्फकडे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांना सहा वेळा वर्षातली सर्वोत्तम महिला ॲथलीट ठरवलं. माहीत आहे का, त्यातले धावण्या-फेकण्याचे किती? फक्त एक! बाकी पाच गोल्फचे. 1953 मध्ये कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि 1954 मध्ये त्यांनी यूएस विमेन्स ओपन जिंकली, तीही 12 स्ट्रोकच्या फरकाने. यांना 'फिरायला आलेल्या' म्हणायची कुणाची टाप आहे?

आणि मार्गारेट ॲबट? 1900 साली पॅरिसमध्ये गोल्फ जिंकल्या, पण आपण ऑलिम्पिक चॅम्पियन आहोत हे त्यांना मरेपर्यंत कळलंच नाही. त्याच स्पर्धेत त्यांची आईही खेळत होती!

गोल्फ झालं, आता नेमबाजी. इथे तर डोपिंगही उलटं. स्नायू फुगवायचे नाहीत, हृदयाचे ठोके मंद करायचे! उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूने 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन मेडल्स कमावली आणि ठोके मंद करणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधापायी दोन्ही गमावली. नेम चुकला नाही, नियम चुकला! आणि वयाचं म्हणाल तर स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी 1920 मध्ये नेमबाजीचं सिल्व्हर मिळवलं, वय वर्षं 72!

बसून खेळणाऱ्यांचं काय? माहीत आहे का, आपल्या खेलरत्न पुरस्काराचा पहिला मानकरी कोण? ना धावपटू, ना क्रिकेटर. बुद्धिबळाचा विश्वनाथन आनंद! 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये तर प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये गोल्ड आणलं. वयं 60 आणि 56. पत्ते कुटून गोल्ड मेडल! घरी ओरडा खाणाऱ्यांनो, हे कात्रण जपून ठेवा.

आमचा निकाल ऐका. गोल्फर ॲथलीट, शंभर टक्के. नेमबाजही ॲथलीट. बुद्धिबळ आणि ब्रिजवाले अव्वल खेळाडू, पण ॲथलीट म्हणायला आमची जीभ अजून अडखळते. पटत नसेल तर भर मे महिन्यात गोल्फची बॅग खांद्यावर टाका, 18 होल पायी फिरून या, मग बोलू!