उष्टा धोटा

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या एका घरी टीव्हीशेजारच्या फळीवर धोटा ठेवलेला आहे. दीड-दोन वीत लांब, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी चोच. घरातले आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. मी धोटा कसा भरतात ते विचारलं, तर त्यांनी तो उचलला, आत कांडी बसवल्यासारखं केलं, बाजूच्या बारीक भोकाला ओठ लावले आणि श्वास आत ओढला.

"असं ओढाचं जी. सूत फसकन् तोंडात येते. संगं कापूसबी येते."

मागावर धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावतो आणि ताण्यात बाण्याचं सूत घालतो. पोटातली कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. सुई-दोऱ्याचे लाड करायला वेळ नसतो, कारण माग उभा राहिला तर मजुरी बुडते. म्हणून तोंडानं ओढायचं, पाळीत कितीतरी वेळा. पाळी बदलली की दुसरा विणकर त्याच धोट्याला तोंड लावणार. लँकेशायरच्या गिरण्यांतही हेच चाले. तिथले कामगार त्याला धोट्याचा मुका म्हणत.

या एका भोकापाशी जगाचे दोन रस्ते फुटले. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते हे तिकडेही दिसत होतं आणि इकडेही. तिकडे प्रश्न निघाला तो क्षयाचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं 1911 मध्ये तोंडानं सूत ओढण्यावर बंदी घातली. लँकेशायरला तेवढ्यासाठी 1952 उजाडावं लागलं, म्हणजे शहाणपणात तेही काही फार पुढे नव्हते. पण प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे, मुंबईच्या गिरण्यांत, त्याच थुंकीवरून विचारलं गेलं ते हे: कुणाची?

साचेखात्यात मजुरी जास्त. तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव. सूतकताईची, कमी पैशाची खाती त्यांच्यासाठी खुली. सवर्ण विणकरांचं म्हणणं एवढंच, की यांच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावायचा नाही. स्वतःच्या जातीतल्या खोकणाऱ्या माणसाचा धोटा मात्र चालत असे. उष्टं म्हणजे काय याची इतकी सोयीची व्याख्या दुसरीकडे सापडायची नाही.

1928 साली एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्या संपानं बंद होत्या. लाल बावट्याचे पुढारी कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्यापुढे साधी अट ठेवली: साचेखातं सगळ्यांना खुलं करा, ही मागणी यादीत घाला, नाहीतर अस्पृश्य कामगारांना संपातून बाहेर पडायला सांगेन. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती घातली. यादी मालकांपुढे गेली तेव्हा ते हसले. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, असं त्यांनी सुनावलं. खरंच तो त्यांचा नव्हता. मालकाला एक पैसा खर्च न करता कामगारांत उभी फूट मिळत होती, आणि तिची राखण कामगारच करत होते. पुढच्याच वर्षीच्या संपात बाबासाहेब संपाच्या विरोधात उभे राहिले.

जातिभेदामुळे आपल्या गिरण्या मागे पडल्या, असं सरळ विधान मी करणार नाही. स्वतः सूत ओढून घेणारा नॉर्थ्रॉप माग 1890च्या दशकात अमेरिकेत तयार होता. तो इथे सर्रास आला नाही याचं मोठं कारण स्वस्त मजुरी. पण मजुरी स्वस्त का राहते, याच्या उत्तरात त्या उभ्या फुटीला वगळता येत नाही.

नागपूरची गोष्ट या बाबतीत जास्तच टोचते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी जुम्मा तलावाच्या काठी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून हे नाव. इंग्लंडचे गिरणीवाले जुन्या म्यूल चात्यांना चिकटून होते तेव्हा इथे रिंग चात्यांचा प्रयोग झाला. यंत्र बदलायला या शहरानं लँकेशायरची वाट पाहिली नाही. 1918 मध्ये याच गावातून किसन फागुजी बनसोडे 'मजूर पत्रिका' काढत होते. त्याआधीच्या त्यांच्या एका पत्राचं नाव होतं 'विटाळ विध्वंसक'. मजूर आणि विटाळ, दोन्ही विषय एकाच माणसाला हाताळावे लागले, यातच सगळं आलं.

आणि मग 1937चा डिसेंबर. अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरच्या शिकल्यासवरल्या बायका, विषय स्त्रियांच्या उन्नतीचे. बोलावणं जाईबाई चौधरींनाही होतं. उमरेडच्या, लहानपणी नागपूर-कामठी मार्गावर हमाली केलेल्या, पुढे मुलींची शाळा काढलेल्या. सभा एकत्र झाली, पण जेवायच्या वेळी काही सवर्ण बायकांनी त्यांची पंगत निराळी बसवली. 1 जानेवारी 1938 रोजी दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. जुलै 1942 मध्ये नागपुरातच, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, त्यांची स्वतंत्र परिषद भरली. शिक्षण आणि हक्क हे विषय दोन्हीकडचेच, फक्त व्यासपीठं दोन झाली. कुणी म्हणेल, ही वेगळी चूल मांडायला नको होती. ताट आधी कुणी सरकवलं ते पाहून बोलावं.

बायकांच्या त्या निषेधसभेनंतर लगेचच, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी साचेखात्याचा दाखला पुन्हा दिला, आणि जोडीला रेल्वेचा: अस्पृश्याला गँगमन होता येतं, पोर्टर नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम पडतं. अमेरिकेत गोऱ्या रेल्वे कामगारांच्या संघटना काळ्यांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांना शयनयान डब्यांतल्या पोर्टरांची निराळी संघटना बांधावी लागली. नेमके पोर्टरच, इथेही आणि तिथेही.

"तुमच्या वेळेस हे होतं का?" मी आजोबांना विचारलं.

"आमच्या वेळेस नाई. माह्या मामाच्या वेळेस होतं, मुंबईले. तो मरेपर्यंत साचेखात्यात नाई गेला." मग धोटा माझ्याकडे करत म्हणाले, "पाहा ओढून. जमते का?"

मी धोटा घेतला. भोकाभोवती काळपट मळ होता, आत जुन्या तेलाचा वास. नकळत खिशातून रुमाल काढला आणि भोक पुसलं. मळच होता, दुसरं काही नाही. मान वर केली तेव्हा आजोबा माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत होते.