फिशटँकमध्ये खरी झाडं लावताना

दुकानातून आणलेली हिरवीगार झाडं टाकीत लावावीत आणि पंधरा दिवसांत त्यांची पानं पिवळी पडून विरघळावीत, असा अनुभव अनेकांना येतो. बऱ्याच जणांचा उत्साह इथेच संपतो आणि टाकीत प्लास्टिकची झाडं येतात. पण त्या वेळी झाड बहुधा मरत नसतं, ते पानं बदलत असतं. रोपवाटिकेत यातली पुष्कळ झाडं मुळं ओली आणि पानं दमट हवेत ठेवून वाढवतात. तशी ती जोमानं वाढतात आणि त्यांच्यावर शेवाळ धरत नाही. हवेत वाढलेलं पान पाण्याखाली नीट काम करू शकत नाही, म्हणून झाड ते टाकून देतं आणि पाण्यात जगणारं पातळ पान काढतं. तेव्हा आपण जुन्या पानांची काळजी सोडावी आणि मधल्या कोंबाकडे बघावं. तिथून नवीन पान येत असेल तर झाड लागलं.

आधी टाकी आणि जागा ठरवू. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी सोयीची. तिच्यात सुमारे 55 लिटर पाणी मावतं. वाळू, दगड धरून वजन सत्तर किलोच्या पुढे जातं, म्हणून खालचं टेबल भक्कम हवं. उंच टाकी दिसते छान, पण तळापर्यंत उजेड पोचत नाही आणि झाड लावायला हातही पोचत नाही. खिडकीतून थेट ऊन येईल अशी जागा टाळावी. उन्हानं शेवाळ माजतं आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापतं.

मग पाणी. धरणाचं नळाला येणारं पाणी बहुधा मृदू असतं, बोअरवेलचं बहुधा जड. जड पाणी म्हणजे ज्यात चुन्यासारखे क्षार जास्त विरघळलेले असतात ते. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरत असेल तर आपलं पाणी जड आहे असं समजावं. जड पाण्यातही झाडं होतात, फक्त निवड वेगळी करावी लागते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावं, किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालावं.

आता झाडांची निवड. इथे घाई करू नये, कारण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच टळते. पहिल्या टाकीसाठी माझ्या मते दोन प्रकारची झाडं एकत्र हवीत: भराभर वाढणारी आणि सावकाश वाढणारी. भराभर वाढणाऱ्यांत व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि सेराटोफायलम. व्हॅलिस्नेरियाची पानं हिरव्या फितीसारखी लांब असतात. सेराटोफायलमला मुळंच नसतात, ते नुसतं पाण्यात सोडलं तरी वाढतं. ही तिन्ही आपल्याकडच्या तळ्यांत आणि ओढ्यांत उगवणारी झाडं आहेत. जड पाण्यातले विरघळलेले क्षार वापरून ती आपली कर्बाची गरज भागवू शकतात, म्हणून बोअरवेलच्या पाण्यातही तग धरतात. सावकाश वाढणाऱ्यांत अनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस घ्यावेत. त्यांना उजेड कमी लागतो आणि छाटणी क्वचित.

या दोन्हींच्या मधलं झाड म्हणजे क्रिप्टोकोरिन. त्याच्या काही जाती सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या ओढ्यांच्या पात्रात, दगडगोट्यांत मूळ धरून वाढतात. जागा बदलली की पानं टाकण्याची याची खोड सगळ्यांत मोठी. कधी कधी महिनाभर वर काहीच दिसत नाही. मुळं मात्र जिवंत असतात. उपटून बघायचा मोह आवरावा.

लाल पानांची झाडं पहिल्या टाकीत नकोत. रोटाला मॅक्रॅन्ड्रा ही सुंदर लाल वनस्पती मूळची दक्षिण भारतातली, पण तिला प्रखर उजेड आणि नळीनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू लागतो. तो नसेल तर ती तळापासून झडते.

ओढ्यातून किंवा सड्यावरून झाडं उपटून आणू नयेत, हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर वायतुरा नावाची वनस्पती पावसाळी डबक्यांत फुलते. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. ती पश्चिम घाटातल्या मोजक्या सड्यांपलीकडे कुठेही उगवत नाही. कोरडे महिने ती जमिनीखाली कंदाच्या रूपात काढते. टाकीच्या बारमाही पाण्यात तिचं हे चक्र मोडतं आणि सड्यावरचं एक झाड कायमचं कमी होतं.

दुकानात एक फसगत ठरलेली असते. पाण्याखाली कधीच न जगणारी कुंडीतली झाडं 'अॅक्वेरियम प्लांट' म्हणून विकली जातात: लकी बांबू, सिंगोनियम, पांढऱ्या पट्ट्यांचं ड्रॅसिना, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस. पाण्याखाली ती महिना-दोन महिने हिरवी दिसतात, मग आतून कुजून पाणी नासवतात. जी झाडं आधीपासून पाण्याखालीच वाढलेली असतात, ती बाहेर काढली की लुळी पडतात. झाड बाहेरही ताठ उभं राहत असेल आणि पानाला मेणासारखी चकाकी असेल तर शंका घ्यावी. अनुबियास याला अपवाद. त्याची पानं जाड आणि ताठच असतात. खात्री नसेल तर शास्त्रीय नाव विचारून घ्यावं.

तळाला नदीची जाडसर वाळू घालावी, दाणे दोन-तीन मिलिमीटरचे. पिठासारखी बारीक वाळू घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. रंगीत खडी आणि संगमरवराचे तुकडे घेऊ नयेत. संगमरवर हळूहळू विरघळून पाणी जड करतो. शंका असेल तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला तर तो दगड टाकीत नको. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. पुढच्या काचेशी थर चार सेंटिमीटर, मागे सात-आठ. असा उतार ठेवला की टाकी खोल भासते आणि मागच्या मोठ्या झाडांना मुळांसाठी जागा मिळते.

पाणी भरण्यापूर्वी दगड आणि लाकूड मांडून बघावं. डोळा जिथे प्रथम जावा असं आपल्याला वाटतं, ते मुख्य लाकूड किंवा दगड अगदी मध्यभागी ठेवू नये; टाकीच्या लांबीच्या एक तृतीयांशावर ठेवावा. मधोमध ठेवलं की टाकीचे दोन सारखे तुकडे पडतात आणि नजर कुठेच थांबत नाही. विकतचं ड्रिफ्टवूड आधी काही दिवस भिजत ठेवावं, नाहीतर ते तरंगतं. त्यातून पाण्याला चहासारखा रंग येतो. तो अपायकारक नाही, पाणी बदलता बदलता जातो.

मागे व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला, मध्ये क्रिप्टोकोरिन, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न, पुढे मोकळी वाळू आणि एखाद-दुसरा मॉस बांधलेला दगड. एका जातीची झाडं एकत्र लावावीत. प्रत्येक जातीचं एकेक झाड सगळीकडे विखुरलं तर टाकी दुकानाच्या नमुन्यासारखी दिसते.

आणलेल्या झाडांच्या बुडाला कापसासारखी लोकर किंवा शिशाची पट्टी असते. ती पूर्ण काढावी. कुजलेली मुळं कापावीत, उरलेली दोन-तीन सेंटिमीटर ठेवावीत. गोगलगायींची अंडी पानांच्या मागे पारदर्शक जेलीसारखी चिकटलेली असतात, ती पुसून काढावीत.

लावताना टाकीत चार बोटंच पाणी ठेवावं आणि लांब चिमटा वापरावा. हायड्रिलासारख्या खोडाच्या झाडांची जुडी तशीच खोचली की आतली खोडं उजेडाविना कुजतात. एकेक काडी वेगळी करावी, खालची पानं काढावीत आणि दोन-तीन सेंटिमीटर अंतरानं लावावी. व्हॅलिस्नेरियाचा पांढरट गड्डा, म्हणजे मूळ आणि पान जिथे भेटतात तो भाग, वाळूच्या वर राहिला पाहिजे. अनुबियास आणि जावा फर्न तर वाळूत लावायचीच नाहीत. त्यांचं आडवं खोड वाळूत गाडलं की कुजतं. ते सुती दोऱ्यानं लाकडाला बांधावं. दोरा कुजेपर्यंत मुळं लाकूड धरतात. ही दोन झाडं मरतात ती बहुतेक वेळा गाडल्यामुळेच.

पहिल्याच दिवशी तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाडांनी भरावा. चार झाडं लावून बाकीची नंतर आणू, हा विचार महागात पडतो. मोकळ्या रानात जसं तण माजतं, तसं मोकळ्या टाकीत शेवाळ. नंतर वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर सावकाश पाणी सोडावं.

दिव्याच्या बाबतीत सगळ्यांत जास्त चुका होतात. झाड खुरटलं की लोक दिवा बारा-बारा तास चालू ठेवतात आणि शेवाळाचं फावतं. पांढरा, 6500 केल्व्हिनचा एलईडी घ्यावा. पहिला महिना रोज 6 तास, मग फार तर 8. रोजची वेळ पाळायला प्लगचा टायमर लावावा. हातानं लावलेला दिवा रात्री जागरणाबरोबर लांबतो.

पहिल्या आठवड्यांत काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो. तो पुसावा, औषध घालू नये. टाकी स्थिरावली की तो आपोआप कमी होतो. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं. गळलेली पानं लगेच काढावीत. खत महिन्यानंतर, तेही पानं बघून: जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी, पानांना भोकं पडत असतील तर पोटॅश, नवीन पान फिकट येत असेल तर लोह. क्रिप्टोकोरिनला मुळाशी पुरायची खताची गोळी पाण्यातल्या खतापेक्षा जास्त मानवते.

मासे चार ते सहा आठवड्यांनी, एकदम नकोत, थोडे थोडे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याचं रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढायला तेवढा वेळ लागतो. गप्पी, टेट्रा, रासबोरा झाडांना त्रास देत नाहीत. गोल्डफिश मात्र हायड्रिला खातो आणि बाकीची झाडं उपटतो. गोल्डफिशच हवा असेल तर टाकीत फक्त लाकडाला बांधलेलं अनुबियास ठेवावं. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर रात्री एअर पंप चालू ठेवावा.

दोन-तीन महिन्यांत हायड्रिला पाण्याच्या वर पोचेल. तेव्हा वरचा वीतभर शेंडा कापून तोच वाळूत लावावा. खालच्या जुन्या बुडख्यापेक्षा शेंडा जोमानं वाढतो. उरलेली छाट गटारात, नाल्यात किंवा तळ्यात टाकू नये. शोभेसाठी आणलेली परदेशी जलपर्णी आपल्या नद्यांत कशी पसरली आहे ते पुण्यात मुळा आणि पवनेच्या पुलांवरून दिसतं. छाट गच्चीवर उन्हात पूर्ण वाळवावी आणि कुंडीच्या मातीत मिसळावी.