नाव गावात, कॉट पुण्यात

शास्त्री रस्त्याला लागून नव्या पेठेत जी गल्ली शिरते, तिथे झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीपाशी एक घडीचं टेबल मांडलं आहे. टेबल मेसवाल्या मावशींचं, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग अजून तसाच. त्यावर नमुना 6 चे कोरे अर्ज, स्टेपलर, दोन बॉलपेन आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक. ऑक्टोबर 2024 चा पहिला आठवडा आहे. घट बसलेत. संध्याकाळी सातला अभ्यासिकांमधून मुलामुलींचे थवे चहाला बाहेर पडतात, आणि ही वेळ मुद्दाम साधलेली आहे.

टेबलामागे पाचसहा जण. गटाला अजून नाव नाही, त्यावरून सकाळी व्हॉट्सॲपवर वाद झाला म्हणे. मागच्या भिंतीवर हाताने रंगवलेला फलक आहे: ‘नाव नोंदवा, मत द्या’. मी शेजारच्या टपरीच्या बाकावर बसून बघतो आहे. सुरुवातीला फारसं कुणी थांबत नाही. जो थांबतो तो विचारतो, “कशाची जागा निघाली?”

“जागा नाही भाऊ, मतदार नोंदणी.”

“अच्छा,” म्हणून तो कटिंग घ्यायला पुढे जातो.

या गल्लीत अर्ज दिसला की तो भरतीचाच, हे गृहीत आहे. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळ, गडचिरोली, नंदुरबार अशा सगळीकडून पदवी घेऊन आलेली पोरं इथे एका खोलीत चारपाच कॉट टाकून राहतात, बारा-बारा तास अभ्यासिकेत बसतात आणि वर्षं मोजत नाहीत, अटेम्प्ट मोजतात. ऑगस्टमध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँक भरतीची आयबीपीएस या दोन परीक्षा 25 तारखेला एकाच दिवशी आल्या, तेव्हा हीच पोरं याच रस्त्यावर ठाण मांडून बसली होती. राज्यसेवा पूर्व पुढे गेली. आता ती 1 डिसेंबरला आहे. आजचं टेबल त्या आंदोलनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनच निघालं आहे.

“तेव्हा सगळ्या पक्षांचे लोक भेटून गेले,” टेबलाच्या मधोमध बसलेला लातूरचा मुलगा सांगतो. इथे लोक एकमेकांना जिल्ह्यानेच ओळखतात, म्हणून मीही तसंच लिहितो. “रस्ता पूर्ण भरलेला. नंतर रूमवर बसून आम्ही हिशोब केला, तर आमच्यातला एकही इथला मतदार नव्हता.”

विधानसभेची मुदत 26 नोव्हेंबरला संपते आहे, म्हणजे निवडणूक आता कधीही जाहीर होईल. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंतच नवं नाव घेता येतं, त्यामुळे हाताशी दिवस मोजकेच. मे महिन्यात लोकसभेला पुण्यात जेमतेम 53-54 टक्के मतदान झालं. तेव्हापासून तरुणांच्या उदासीनतेवर पुण्यात बरीच भाषणं झाली आहेत, त्यातली काही मीही ऐकली.

गर्दी जमते ती वेगळ्याच कारणाने. नांदेडचा एक उंच मुलगा चहाचा ग्लास घेऊन येतो आणि लक्ष्मीकांतवर बोट ठेवतो. टेबलावरचा यवतमाळचा त्याला डिवचतो, “सांग बे, मतदानाचं वय कधी कमी झालं?”

“एकसष्टावी घटनादुरुस्ती, 1988. कलम 326. अंमल 28 मार्च 1989. एकवीसवरून अठरा.” श्वासही घेत नाही. “नोटा 2013. रिमोट व्होटिंग मशीन, एका यंत्रावर 72 मतदारसंघ, 2023 च्या जानेवारीत पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्ष नाही म्हणाले, पुढे काही नाही. अजून?”

“मत दिलं का लोकसभेला?”

“नाही.”

“एकोणीसला?”

“तेव्हापण पुण्यातच होतो ना.”

हशा पिकतो. हसणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी मत दिलेलं नाही, हे पुढच्या पाच मिनिटांत कळतं. या पोरांना जागृतीची काय गरज? 2011 पासून दर 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन होतो, महाविद्यालयांत शपथा होतात, रांगोळ्या होतात, सेल्फीसाठी चौकटी उभ्या राहतात. तो दिवस 25 जानेवारीलाच का, हेही इथे कुणीही झोपेत सांगेल.

साडेसातला या भागाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ मॅडम येतात. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहेत, शाळा सांभाळून हे काम. खांद्याला पिशवी, पिशवीत यादीचा भाग, चष्मा कपाळावर. खुर्ची पुढे केली तरी बसत नाहीत.

“किती अर्ज झाले?”

“तीन, मॅडम.”

त्या तिन्ही अर्ज चाळतात आणि दोन बाजूला काढतात. “या दोघांचं नाव गावाकडे आहे. सहा नंबर ज्याचं नाव कुठेच नाही त्याच्यासाठी. नाव इथे आणायचं असेल तर आठ नंबर. आणि आठ भरला की गावचं नाव जाणार. दोन्हीकडे ठेवता येत नाही, खोटं लिहिलंत तर शिक्षा आहे. सांगितलंत का त्यांना?”

सांगितलेलं नसतं. अर्ज भरणारा बीडचा मुलगा तिथेच उभा आहे. “गावचं नाव कटलं तर पप्पा घरात घेणार नाहीत,” तो म्हणतो. “ग्रामपंचायतीला एकेका मतावर असतंय आमच्याकडं.”

“मग पत्ता कुठला देणार होतास इथला?”

तो खोलीकडे हात करतो. कॉट बेसिस. भाडेकरार नाही, नोंदणीकृत तर दूरच. वीजबिल मालकाच्या नावाचं, आणि मालक पावतीवर सही करायलाही का-कू करतो. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला संस्थाप्रमुखाच्या दाखल्यावर तिथलं नाव घेता येतं, पण ही मुलं कुठल्याच संस्थेत नाहीत. पदवी संपलेली, नोकरी लागलेली नाही. अभ्यासिका महिन्याची फी घेते, बोनाफाईड देत नाही.

मॅडम हे शांतपणे ऐकतात. “मी येऊन बघेन, राहतोस याची खात्री करेन. कागद नाही म्हणून परत पाठवणार नाही. पण खोलीवर येईन तेव्हा मालकाने ‘इथे कुणी राहत नाही’ म्हटलं, तर मी काय लिहू?”

याला उत्तर कुणाकडेच नाही. मला वाटतं, उदासीनतेवर भाषण देणाऱ्या प्रत्येकाला या टेबलापाशी तासभर उभं करावं.

एक बारीकशी मुलगी बराच वेळ मागे थांबली आहे. पोलीस भरतीची तयारी करते, पायात अजून मैदानावरचे बूट. नाव कुठेच नाही, आधार आहे, दहावीचं प्रमाणपत्र आहे, फोटो आहे. सगळे खूश. अखेर सहा नंबरचा खरा धनी सापडला. मॅडम जन्मतारखेवर पेन टेकवतात: 2 ऑक्टोबर 2006.

“अगं,” त्या म्हणतात आणि थांबतात. “वर्षात चार तारखा धरतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, प्रत्येकाची एक. एक ऑक्टोबरला अठरा पूर्ण हवीत.”

“एका दिवसानं?”

“एका दिवसाने. अर्ज आत्ता दे, घेतात. पण नाव येईल ते एक जानेवारी धरून.”

मुलगी अर्ज भरायला बसते. मागून कुणीतरी “गांधीजयंतीची सुट्टी तुला महागात पडली” म्हणतं, ती मान वर न करता “हो ना” म्हणते. भरून झाल्यावर ती उठत नाही, तिथेच बसून पुढच्याचे रकाने तपासू लागते.

आठ वाजता टेबलाचं काम बदलतं, आणि तसं कुणी जाहीर करत नाही. गडचिरोलीची ताई फोन काढून मतदार शोधच्या पोर्टलवर एकेकाचं नाव टाकू लागते. कॅप्चा चुकतो, पुन्हा टाकायचा. वडिलांचं नाव, वय, जिल्हा. नांदेडच्या उंच मुलाचं नाव चौथ्या खेपेला सापडतं, आडनावात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होता. भाग क्रमांक, अनुक्रमांक, मतदान केंद्र: जिल्हा परिषद प्राथमिक शाळा.

“हीच माझी शाळा. पत्र्याची खोली आहे, नोव्हेंबरात बरं असतंय,” तो म्हणतो आणि पडद्याचा फोटो काढून घेतो.

“आमच्याकडे लोकसभेला सत्तरच्या वर गेलं मतदान,” गडचिरोलीची ताई सांगते. “जंगलातून चालत येतात लोक. मी पुण्यात बसून राहिली.” मग जरा चिडून, “ग्रामपंचायतीला मात्र गेली होती. गाडीच आली होती न्यायला.”

इथे सगळे एकदम बोलू लागतात. प्रत्येकाकडे या गाडीची गोष्ट आहे. ग्रामपंचायतीला पॅनेलचे लोक पुण्याला फोन करतात, क्रूझर पाठवतात, वाटेत जेवण, सकाळी मत, रात्री परत. म्हणजे ही पोरं मत द्यायला जातात, आणि रात्रभर प्रवास करून जातात! विधानसभेला त्यांच्या एका मताची कुणाला तितकी तहान नसते, एवढाच फरक.

“मग आपणच करू की गाडी,” लातूरचा म्हणतो.

मॅडम लगेच चष्मा खाली घेतात. “उमेदवाराकडून पैसे घेऊन नाही हं. मतदारांची ने-आण उमेदवाराने करायची नसते.”

“कलम 123, पोटकलम पाच. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951,” मागून आवाज येतो.

“पाठ आहे, बरं आहे,” मॅडम म्हणतात. “तसंच वागा.” आणि पिशवी खांद्याला लावून निघतात. उद्या सकाळची शाळा आहे.

फलकाच्या मागची कोरी बाजू टेबलावर उलटी पसरली जाते. त्यावर जिल्ह्यांचे रकाने पडतात. बूटवाली मुलगी नावं लिहिते, मत देता येणार नसलं तरी तिचं अक्षर सगळ्यांत सुवाच्य आहे. लातूर भरभर भरतं. लातूरच्या पोराला विषय निघाला की एक गोष्ट सांगायचीच असते, 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, 27 हजारांवर मतं. कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी फक्त पोचवतो, असं तो प्रत्येकाला बजावतो. गडचिरोलीच्या रकान्यात दोनच नावं. तिकडे जायला एक रात्र पुरत नाही, आणि दोन नावांसाठी कोण गाडी करणार? ताई हिशोब मांडते: एसटीत बाईला अर्धं तिकीट, नागपूरपर्यंत रेल्वे मिळाली तर बरं, पुढे बस. जाऊन-येऊन तीन दिवस जातील.

“तीन दिवस म्हणजे एक विषय गेला,” यवतमाळचा म्हणतो. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या तारखेला आहे, हे कुणी विसरलेलं नाही. दोन जण आपली नावं खोडायला सांगतात. त्यांना कुणी अडवत नाही, टोमणाही मारत नाही. बूटवाली सरळ रेघ मारते.

मोठा प्रश्न दिवाळीचा. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आहे. मतदान त्याला लागून आलं तर पोरं घरीच असतील, सगळा खटाटोप फुकट, पण चालेल. पंधरावीस दिवसांनी आलं तर मात्र पंचाईत. एकदा जाऊन आलेला माणूस महिन्याभरात पुन्हा तिकिटाला हजार-बाराशे काढणार नाही, घरून मागायची तर लाज वाटते. मेसचे पैसे थकलेत, असं एक जण हळूच सांगतो. त्याच्या नावापुढे लातूरचा स्वतःच्या हाताने ‘अर्धे’ असं लिहितो आणि खाली कुणाकडून किती घ्यायचे त्याची बेरीज करू लागतो.

मावशी टेबल मागायला येतात, नऊची पंगत बसायची आहे. अर्ज, स्टेपलर, लक्ष्मीकांत सगळं पायरीवर जातं. फलक गुंडाळायच्या आधी त्याचा फोटो ग्रुपवर पडतो आणि खाली लगेच विचारणा सुरू होते: परभणी कुठाय, हिंगोलीला कोण आहे, सांगलीवाल्यांनी काय पाप केलंय.

लातूरचा तेवढ्यात ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावतो आणि स्पीकरवर टाकतो.

“तारीख काय?” पलीकडून विचारणा होते.

“तारीख अजून जाहीर व्हायची आहे.”

“मग जाहीर झाली की फोन करा.”

“तेव्हा तुम्ही दिवाळीचा भाव लावाल. आज सांगा. चाळीस सीट, जायचं-यायचं, रात्री निघून दुसऱ्या रात्री परत. आणि गाडीत आत लाइट पाहिजे, पोरं वाचत येणार आहेत.”